सल्ल्याला पत्ता हवा

कुंडीतला कढीपत्ता पिवळा पडला, काय करावं, असं महाराष्ट्रात कुणालाही विचारा. ताक घाला, हेच उत्तर येणार. आंबट ताक, पाणी घालून पातळ केलेलं, आठवड्यातून एकदा. सोलापूर, पुणे किंवा लातूरकडचे लोक शपथेवर सांगतील की आमचं झाड पंधरा दिवसांत हिरवंगार झालं. रत्नागिरीत किंवा पणजीत मात्र त्याच ताकाने हाती लागतो तो बहुधा आंबूस वास आणि मुंग्यांची रांग.

खोटं दोघंही बोलत नाहीत. दख्खनच्या पठारावरच्या काळ्या मातीत चुनखडी भरपूर असते, त्यामुळे ती अल्कधर्मी. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, ही त्याची खूण. आंबट ताकाने मुळांभोवतीची माती थोडा काळ आम्लाकडे झुकते आणि लोह मोकळं होतं, असं या उपायाचं स्पष्टीकरण दिलं जातं. कोकण-गोव्यातली जांभ्याची लाल माती मुळातच आम्लधर्मी आहे, तिला ताकाची गरज नाही. तिथे आधी खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडतंय, आणि ऐन पावसाळ्यात सगळंच झाड मलूल झालं असेल तर कुंडीचं भोक बुजून पाणी साचलंय. पिवळं पान तेच, पण दुखणी तीन. सल्ला मात्र एकच फिरतो, कारण तो कुठल्या मातीतून निघाला हे सांगायची कुणाला गरज वाटत नाही.

घरच्या बागेचा खरा प्रश्न हा आहे. सल्ल्यांची टंचाई कधीच नव्हती. २०२०च्या टाळेबंदीत शहरांतल्या असंख्य बाल्कन्यांत कुंड्या आल्या आणि कुंड्यांच्या मागोमाग उपायांची रांग लागली: केळीच्या सालींचं पाणी, चहाचा चोथा, तांदळाचं धुवण, हळद, दालचिनी. यातले बरेचसे उपाय निरुपद्रवी आहेत, म्हणूनच टिकून आहेत. मनी प्लँट चोरून आणला तरच लागतो, या समजुतीसारखंच हे. मनी प्लँट विकत आणला, मागून आणला किंवा रस्त्यावरून उचलून आणला तरी लागतोच. श्रेय तेवढं चोरीला मिळतं.

अंड्याच्या टरफलांची गोष्ट जास्त बोधप्रद आहे. टोमॅटोचं बूड काळं पडून सडू लागलं की टरफलांचा चुरा घालायला सांगतात, कारण हा कॅल्शियमच्या कमतरतेचा विकार आहे. निदान बरोबर, औषध चुकीचं. टरफलं कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे एका परीने चुनखडीच. ती मातीत विरघळायला कित्येक महिने घेतात आणि काळ्या मातीत कॅल्शियमची ददात नसतेच. खोट असते पाण्याच्या वेळापत्रकात. घरातली माणसं दोन दिवस गावाला जातात, कुंडी खडखडीत वाळते, परतल्यावर तिच्यात बादलीभर पाणी ओतलं जातं. कॅल्शियम पाण्याबरोबरच झाडातून वर चढतं, त्यामुळे पाण्यात खंड पडला की फळाच्या टोकापर्यंत ते पोचत नाही. गंमत पुढेच आहे. टरफलं घालणारा माणूस त्या दिवसापासून झाडाकडे जरा बारकाईने पाहू लागतो, पाणी वेळेवर पडतं, पुढची फळं निरोगी येतात आणि अंड्याची कीर्ती आणखी चार घरं पुढे जाते.

जुन्या परसबागेत हा घोळ कमी होता, आणि त्याचं कारण पूर्वीची माणसं अधिक शहाणी होती हे नव्हे. तिथे सल्ल्याचा पत्ता सल्ल्यातच असायचा. कोकणात मिरगाचा पाऊस पडला की पडवळ, दोडकी, काकडीच्या बिया आळ्यात टाकायच्या आणि वेल मांडवावर चढवायचे. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ लावायची. सांगणारी सासू आणि ऐकणारी सून एकाच आवारात, माती तीच, पाऊस तोच, मोरीही तीच. हेच शहाणपण पुण्यातल्या नवव्या मजल्यावर आलं तेव्हा वाक्य आलं, आवार मागे राहिलं. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुणे शहरात साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. तिकडे नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. कोकोपीट जास्त घाला, ओल टिकते, हा सल्ला नागपूरच्या उन्हाळ्यात झाड वाचवतो आणि दादरच्या जुलैमध्ये तेच झाड कुजवतो.

उन्हाचंही तसंच. भाजीला सहा तास ऊन लागतं, हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. पण कुठल्या महिन्यातलं ऊन? शून्य सावलीचा दिवस आता शाळकरी मुलांनाही माहीत आहे. तो कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, मुंबईत १५-१६ मेच्या सुमारास आणि नागपुरात २६ मेच्या आसपास. त्या दिवशी सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो आणि मुंबईपुरतं बोलायचं तर जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत भर दुपारी तो उत्तरेलाच असतो. म्हणजे दक्षिणेच्या ज्या बाल्कनीत डिसेंबरात दिवसभर ऊन आत येतं, तिच्यात जूनच्या दुपारी उन्हाची तिरीपही येत नाही, ढग नसले तरी. डिसेंबरात वांगी लावून खूश झालेला माणूस पुढच्या जूनमध्ये तीच वांगी तिथेच लावतो, फूल धरत नाही म्हणून खत वाढवतो, खताने पानं माजतात आणि माव्याची सोय होते. चूक ना खताची ना बियाण्याची. शेजारच्या बाईंना ही गोष्ट दोन वर्षांपूर्वी कळलेली असते, पण त्यांनी ती कुणाला सांगितलेली नसते. फसलेली वांगी कोण मिरवणार?

मराठी माणसाला याचं उत्तर बाहेरून आणायची गरज नाही. श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी ते अर्ध्या शतकापूर्वी शोधलं होतं. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारे हे प्राध्यापक डॉ. नरेंद्र दाभोळकरांचे थोरले बंधू. शेतीतली पदवी त्यांच्याकडे नव्हती, आणि बहुधा म्हणूनच त्यांना शेतीतला शिक्षक-विद्यार्थी हा भेद पटला नाही. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. त्याची रीत वरवर अगदी साधी होती. प्रत्येकाने आपल्या तुकड्यावर काहीतरी करून पाहायचं, काय केलं आणि काय झालं ते मोजून ठेवायचं, इतरांच्या बागा पाहायच्या, आपली दाखवायची आणि ऐकलेली गोष्ट आपल्या जागेत पुन्हा करून पाहायची. यात शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. दुसऱ्याचा अनुभव हे उत्तर म्हणून घ्यायचं नाही, पुढच्या प्रयोगाचा प्रश्न म्हणून घ्यायचा.

तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांनी ही रीत उचलली. त्या काळात अल्पशिक्षित शेतकरी वेलीच्या पानांचं क्षेत्रफळ, काडीची जाडी, घडांची संख्या यांवर तासन् तास वाद घालू लागले. याच तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आरवे यांनी थॉम्पसन सीडलेसच्या बागेत एक वेगळी वेल हेरली आणि त्यातून ‘तास-ए-गणेश’ ही जात आली. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ या जाती अशाच निवडीतून पुढे आणल्या. प्रयोगशाळेतल्या संकराचं हे काम नव्हे. हजारो वेलींत एक वेल निराळी वागते आहे, हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि त्याने ते सोडून दिलं नाही. रोज पाहणाऱ्याला दिसतं ते अधूनमधून येणाऱ्या तज्ज्ञाला दिसत नाही, ही दाभोळकरांची श्रद्धा द्राक्षांनी खरी करून दाखवली.

द्राक्षांची गोष्ट कुंडीला का लावायची, असं कुणी म्हणेल. पण दाभोळकरांचा ओढा लहान जागेकडेच होता. दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, एका कुटुंबाचं नीट भागू शकतं हा त्यांचा हिशेब होता, आणि तो त्यांनी ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकात सविस्तर मांडला आहे. वाळका पाला शेण, गोमूत्र आणि गूळ घातलेल्या पाण्यात भिजवून, थर लावून, मुरवून केलेली ‘अमृतमाती’ त्यातूनच आली आणि तिने शहरांच्या गच्च्या गाठल्या.

मुंबईत त्याआधी डॉ. आर. टी. दोशी गच्चीवर भाजी पिकवून दाखवत होते. पेशाने अर्थतज्ज्ञ असलेल्या दोशींनी प्लास्टिकच्या पिशव्यांत खाली उसाची चिपाडं, त्यावर कंपोस्ट आणि अगदी वरती थोडी माती असे थर वापरले. रसवंतीवाले चिपाडं फुकट देतात हे एक कारण असेल, पण खरी मेख वजनात आहे. ओल्या मातीचा एक फूट जाडीचा थर एका चौरस मीटरवर पसरला तर तो साडेचारशे ते पाचशे किलो भरतो. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात, म्हणजे आयएस ८७५ मध्ये, चौरस मीटरला सुमारे १५० किलोचा वापराचा भार धरलेला असतो. गच्चीवर भाजीला विरोध करणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरीला लोक हसतात, पण शेतातल्यासारखे वाफे घालायला निघालेल्या हौशी माणसापेक्षा त्या वेळी सेक्रेटरीचं गणित बरं असतं. चिपाडांनी आणि पाल्याने हा वाद बराचसा मिटवता येतो, हे दोशींच्या पिशव्यांनी दाखवलं.

२००२ च्या सुमारास मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी बाग सुरू केली. त्या तिथे खानपान विभागात अधिकारी होत्या. रोज निघणारा भाजीचा कचरा टाकायचा कुठे, हा त्यांचा मूळ प्रश्न. आधी दोशींची रीत, मग दाभोळकरांची अमृतमाती, असं करत त्यांनी गोदीच्या गजबजाटात फळझाडं आणि भाज्या वाढवल्या आणि पुढे ‘अर्बन लीव्हज्’ या उपक्रमातून इतरांना शिकवलं. या सगळ्या साखळीत कुणीच आधीच्याची रीत जशीच्या तशी उचलली नाही. गणिताच्या प्राध्यापकाकडून शेतकऱ्याने घेतलं, अर्थतज्ज्ञाकडून स्वयंपाकघराच्या अधिकाऱ्याने, आणि प्रत्येक ठिकाणी त्यात जागेनुसार बदल झाला. घरची बाग अशीच शिकली जाते. अडचण एवढीच की बहुतेक ठिकाणी ही साखळी दुसऱ्याच कडीला तुटते.

ती तुटते अपयश लपवल्यामुळे. बागकाम करणारे एरवी मोठ्या मनाचे असतात. फांदी मागा, बी मागा, मूठभर गांडूळ खत मागा, नाही म्हणणारा विरळा. फोटो मात्र पहिल्या टोमॅटोचाच दाखवला जातो. वाळलेला वेल गुपचूप उपटून कंपोस्टच्या डब्यात जातो. वास्तविक त्या वेलाकडे सांगण्यासारखं जास्त असतं.

मिरचीचीच गोष्ट घ्या. मिरचीची पानं आकसली की सगळे एकच शब्द वापरतात, चुरडामुरडा, आणि एकच औषध, निंबोळी तेल. पण पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून होडीसारखा आकार झाला असेल तर ते काम फुलकिड्यांचं. कडा खाली वळल्या असतील तर कोळी. आणि शेंड्याची पानं बारीक, जाड, पिवळट होऊन झाड खुजं राहिलं असेल तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. पहिल्या दोन्हींत वेळेवर फवारलेल्या निंबोळी तेलाचा उपयोग होऊ शकतो. तिसऱ्यात औषध नाही. झाड उपटून टाकणं हाच इलाज, नाहीतर शेजारची झाडंही जातात. ‘माझी मिरची गेली’ एवढंच सांगणाऱ्याकडून हे कळत नाही. ‘पानं खाली वळली होती, मार्च होता, पश्चिमेचं ऊन होतं’ असं सांगणाऱ्याकडून कळतं.

दोडका आणि घोसाळं तर याहून मजेदार. दोन्ही सख्खी भावंडं, वेल सारखे, फुलं पिवळी. उंच मजल्यावर मधमाश्या फारशा फिरकत नाहीत, म्हणून नरफुलाचे पराग मादीफुलावर हाताने लावा, असं जाणकार सांगतात. त्याप्रमाणे सकाळी उठून कुणी दोडक्याला पराग लावत बसलं तर फळ धरत नाही, कारण दोडक्याचं फूल उमलतं संध्याकाळी. घोसाळ्याचं पहाटे उमलतं. दुधीची पांढरी फुलंही संध्याकाळचीच, रात्रीच्या पतंगांसाठी उमलणारी. काकडी आणि लाल भोपळा सकाळचे. घोसाळ्यावर यशस्वी झालेल्या माणसाने दोडकेवाल्याला मनापासून दिलेला सल्ला फुकट गेला तर त्यात दोष कुणाचाच नाही, फक्त घड्याळ सांगायचं राहून गेलं.

कोथिंबिरीने तर किती नवशिक्यांना बागेतून पळवून लावलं असेल. अख्खा धना पेरायचा नाही, चपलेखाली हलका रगडून त्याची दोन दलं करायची, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते आणि कोथिंबीर आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडे, मातीत गप्प बसते, हे ठाऊक नसल्याने सहाव्या दिवशी माती उकरून पाहिली जाते. एप्रिल-मेमध्ये ती उगवलीच तरी चार पानं काढून फुलोऱ्यावर जाते. टोमॅटोलाही उन्हाळा सोसत नाही. दिवसा पारा ३५ अंशांच्या आणि रात्री २५ च्या पुढे राहू लागला की फुलं येतात आणि गळतात. ही काही हात चांगला नसल्याची लक्षणं नव्हेत. ‘माझ्या हाताला काही लागत नाही’ असं म्हणणाऱ्या बहुतेकांनी चुकीच्या महिन्यात पेरलेलं असतं.

बियाण्याला पत्ता असतो हे राहीबाई पोपेरे यांनी सर्वांत ठसठशीतपणे दाखवलं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातलं कोंभाळणे हे त्यांचं गाव. शाळेत न गेलेल्या राहीबाईंनी घेवडा, वाल आणि इतर गावरान वाणांची बँक उभी केली, ‘बाएफ’ संस्थेची त्यांना साथ मिळाली आणि २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या संग्रहाचं मोल नुसत्या वाणांच्या संख्येत नाही. कोणता घेवडा कुठल्या उताराला, कधी, किती पाण्यावर येतो, ही माहिती बियाण्याबरोबरच चालत येते. बाजारातल्या चकचकीत पाकिटावर मात्र कुठल्या तरी परदेशी बागेतला फोटो असतो आणि ‘वर्षभर लावा’ असा शिक्का.

हौसेच्या कामात एवढी नोंदवही कशाला, हा आक्षेप येतो आणि त्यात तथ्य आहे. संध्याकाळी दोन कुंड्यांना पाणी घालून ज्यांना बरं वाटतं, त्यांनी खुशाल तेवढंच करावं. पण जो दुसऱ्याला सांगायला जातो, त्याच्यावर थोडी जबाबदारी येते. गाव, दिशा, महिना, माती आणि कुंडीचा आकार, या पाच गोष्टी सांगितल्याशिवाय सल्ला देऊ नये, एवढी साधी शिस्त पाळली तरी पुष्कळ भागेल. नर्सरीवाल्यांनीही ती पाळावी. लाल चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात भरलेलं रोप विकताना, हा गोळा कडेने जरा सैल करून लावा, नाहीतर पाणी बाजूनेच निघून जाईल, एवढं सांगायला त्यांचं काय जातं?

सरकारी यंत्रणेकडूनही मागण्यासारखं काही आहे. राज्यात राहुरी, दापोली, परभणी आणि अकोला अशी चार कृषी विद्यापीठं आहेत, आणि ती चार असण्याचं कारणच मुळी माती आणि हवामान जागोजागी वेगळं आहे हे आहे. त्यांच्या शिफारशी हेक्टरी किलोंत असतात, बारा इंची कुंडीच्या मालकाने त्यांचं करायचं काय? दापोलीने मुंबई-ठाणे-रत्नागिरीच्या बाल्कनीसाठी आणि अकोल्याने नागपूर-अमरावतीच्या गच्चीसाठी चमचे, लिटर आणि महिने यांत लिहिलेली चार पानी पुस्तिका काढली, तर त्यासाठी नवं संशोधन फारसं लागणार नाही, आहे त्याचा पुन्हा हिशेब मांडावा लागेल.

दरवर्षी जानेवारीत पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरतं, त्याच सुमारास मुंबईत राणीच्या बागेत महापालिकेचं. वाटीएवढे गुलाब आणि एका रेषेत बसवलेल्या शेवंतीच्या कुंड्या पाहायला लोक रांगा लावतात. ते राहू द्यावंच. त्याबरोबर एक लांबलचक टेबल फसलेल्या कुंड्यांचं मांडावं. बूड काळं पडलेले टोमॅटो, खाली वळलेल्या पानांची मिरची, जूनमध्ये फूल न धरलेलं वांगं, आणि प्रत्येकाशेजारी मालकाच्या अक्षरातलं कार्ड: कुठल्या गावात, कुठल्या तोंडाची बाल्कनी, कधी लावलं, मातीत काय मिसळलं, कुणाचं ऐकून काय घातलं. बक्षीसही ठेवावं, उत्तम नोंदीसाठी. परीक्षकांची पंचाईत होईल, पण त्या टेबलाशी लोक गुलाबांपेक्षा जास्त वेळ थांबतील आणि एकमेकांशी बोलतील.